तेरा नंबरचा पाना
सासूला डायलिसिससाठी अकरापर्यंत जालन्याला न्यायचं होतं आणि जीपचा फॅनबेल्ट तुटला. नवा बेल्ट घरात होता, पण नवरा अंकुशनगरच्या कारखान्यावर गेलेला आणि सासऱ्यांची कंबर धरलेली. बसून गाडी चालवता येई, वाकता येईना. मग डोक्यावर पदर घेऊन तृप्तीच बॉनेटखाली वाकली. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी सासरा-सून एकमेकांशी थेट बोलत नसत. "तेरा नंबरचा पाना पेटीत हाय," सासरे दारातल्या लिंबाकडे बघून म्हणाले. तिनं नट सैल केला, बेल्ट चढवला, पहारीनं ताणून नट पुन्हा आवळला. ती अजून बॉनेटखाली वाकलेलीच आहे हे बघून स्टिअरिंगवर बसलेले सासरे किल्ली फिरवताना थांबले. "तृप्ती, पदर कमरंला खोच. बेल्ट वढून घील." तिनं खोचला. इंजन सुरू झालं, बेल्ट बरोबर फिरला. तिचे ग्रीसनं काळे झालेले हात सवयीनं पदर घ्यायला डोक्याकडे गेले. "ऱ्हाऊ दे," सासरे म्हणाले. "पाना घिऊन समोरच्या शिटावर बस."