दारातला उतार

सकाळी मिस्त्रीने दाराच्या पायऱ्या फोडून उतार बांधायला घेतला, तेव्हा मृण्मयी धावत बाहेर आली. कोणत्या घरात कोणाचे पाय जाणार, हे वसाहतीच्या यंत्रणेला घराघरातलं सांडपाणी तपासून वर्षभर आधीच कळायचं आणि ती तशी सोय करून ठेवायची. शेजारच्या लिमयांच्या दारात उतार झाला, तेव्हा ते रोज टेकडी चढत होते. आता ते चाकांच्या खुर्चीत असतात.

“आमच्या ह्यांच्यासाठी आहे का हो?” तिने घाबरत विचारलं.

“नाव येत नाही, ताई. नुसती मापं येतात,” म्हणत मिस्त्रीने कठडा बसवला. तो तिच्या कमरेच्याही खाली आला.

“इतका बुटका?”

मिस्त्री मापाची पट्टी गुंडाळू लागला. शाळेला निघालेली तिची सात वर्षांची लेक ईरा उड्या मारत आली आणि तिने कठडा धरला. तिला वाकावं लागलं नाही, की हात उंच करावा लागला नाही.