फुस्सकाका

गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर परदेशातून काळा करकोचा तळ्यावर उतरला आणि नेमका काकांना दमा उसळला. त्यांनी पंप तोंडाला लावला, त्या ‘फुस्स’ आवाजाने पक्षी उडाला. आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपवर त्यांचं नावच पडलं फुस्सकाका. काकाही हसून घ्यायचे.

आज करकोचा पुन्हा आला. आम्ही सगळे झुडपाआड दबून, काका सगळ्यांच्या मागे. या खेपेला तो मनसोक्त चरला, प्रत्येकाला फोटो देऊन आपणहून उडाला.

ताईने तिथूनच ग्रुपवर फोटो टाकला, “यंदा काकांनी हूं की चूं केलं नाही. शाब्बास काका!” आणि हसत मागे वळली.



झाडाला टेकलेले काका कधीच गार पडले होते, आणि मुठीतल्या पंपाचं झाकणसुद्धा काढलेलं नव्हतं.