कोणती मुरवायची

सासऱ्यांनी सिगार नाकाखाली धरली आणि पाहिलं मात्र सुनेच्या तोंडाकडे.

सुनेने मान खाली घातली. मागच्या खेपेलाही ते असेच बघत होते, तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या कपाळाला काहीतरी लागलंय. आज तिला तसं वाटलं नाही.

नवा माल आला की दुकानामागच्या या खोलीत दार लावून निवड चालायची. प्रत्येक जुडीतली एक सिगार सुनेने हातात द्यायची, सासऱ्यांनी ती हुंगायची, बोटांनी दाबून बघायची आणि न बोलता खाली ठेवायची. उजवीकडे ठेवली तर अख्खी जुडी देवदारी कपाटात जायची, वर्षानुवर्षं मुरायला. डावीकडे ठेवली तर तशीच ताजी दुकानाच्या फळीवर. अंगात तेल असलेली, नाकाला झोंबणारी जात मुरवायची. हलकी, गोडसर जात ठेवून ठेवली की तिचा नुसता पाला होतो. निवडीच्या दिवशी घरात कोणी वासाचा साबणसुद्धा लावत नसे. कपाटाची किल्ली सासऱ्यांच्या कमरेला असायची. सकाळी उठल्यावर चष्म्याच्याही आधी त्यांचा हात तिच्याकडे जायचा.

"बाबांचं नाक गेलंय," नवरा काल म्हणाला होता. एका जुन्या गिऱ्हाइकाने ताजी म्हणून नेलेली पेटी परत आणून आपटली होती. घसा सोलून निघाला म्हणे. "त्या मोठ्या तापात गेलं असणार. सांगायचे नाहीत ते. तू बघ. खरं निघालं तर उद्याच किल्ली काढून घेतो." मग त्याने कपड्यांच्या पेटीत, डांबरगोळ्यांमध्ये, एक सिगार रात्रभर पुरून ठेवली आणि सकाळी तिच्या हवाली केली.

ती आता रुमालात गुंडाळून तिच्या मांडीवर होती.

"आज फार गप्प आहेस, सूनबाई."

"निवडीला बोलायचं नसतं ना, बाबा."

"हो, पण तू गप्पसुद्धा वेगळी असतेस एरवी." हातातली सिगार त्यांनी डावीकडे ठेवली. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, दाराला कान लावून उभा राहू नकोस. गल्ल्यावर बस."

तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, कशासाठी घेतेय ते मात्र देवालाही सांगितलं नाही, आणि रुमाल सोडून ती सिगार त्यांच्या हातात दिली.

डांबरगोळीचा वास खोलीभर झाला. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहायला लागलं. तिने श्वास धरला आणि चेहरा कोरा ठेवला.

सासऱ्यांनी सिगार हुंगली. सावकाश, डोळे मिटून, जाणत्या माणसाने हुंगावी तशी. मग डोळे उघडून ते तिच्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा निवळला.

"असा माल रोज येत नाही," म्हणत त्यांनी ती उजवीकडे ठेवली.

कपाटात ती गेली असती तर चार दिवसांत आतल्या सगळ्या मालाला तोच वास लागला असता. तिला विचार करायला वेळच मिळाला नाही. तिने ती झटकन उचलली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. सासरे टोपलीकडे बघत राहिले.

तेवढ्यात दार उघडून नवरा आत आला.

"काय गं, ती...?"

"टोपलीत आहे."

"कोणी टाकली?"

"कोणी म्हणजे? बाबांनी." खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच भय वाटलं.

नवऱ्याने वाकून सिगार उचलली, नाकाशी नेऊन लगेच लांब केली. "बाबा, कसला वास आहे हो हिला?"

सुनेने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. सासऱ्यांचा हात किल्लीवर गेला.

"तुझ्या अकलेचा," ते म्हणाले. "बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं असेल. जा."

नवरा हसला नाही. एकदा वडिलांकडे, एकदा बायकोकडे बघून तो गेला. जाताना दार मात्र त्याने पूर्ण लावलं नाही.

फटीतून दुकानातलं बोलणं ऐकू यायला लागल्यावर सासऱ्यांनी आवाज खाली घेतला. "कसला होता गं?"

"डांबरगोळीचा."

"हं. तरीच. झोंबली की तू श्वास धरतेस. म्हणून उजवीकडे गेली."

तिला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "म्हणजे त्या तापापासून तुम्ही..."

"हळू बोल."

"आणि ती परत आलेली पेटी?"

"त्या दिवशी तुला पडसं होतं."

तिने कपाटाकडे पाहिलं. किती जुड्या आत गेल्या होत्या, ते तिला आठवेना. "बाबा, मला कुठे काय कळतं यातलं? आतलं सगळं चुकलं असेल तर?"

"मुरल्यावर कळेल," सासरे म्हणाले. "मी काही तेव्हा असणार नाही. तू असशील." आणि त्यांनी पुढच्या सिगारसाठी हात पुढे केला.

दाराच्या फटीत सावली हलली. तिने जुडीतून सिगार काढून त्यांना दिली. तोंड कसं ठेवावं, ते तिला कळेना.