हसा, बोला, भांडा

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही,” वहिनींनी माइक हातात घेऊन मराठीतच सुरुवात केली, “पण या लेपाला घाबरून आमच्या वन्सं दोन दिवस माळ्यावर लपून बसल्या होत्या!”

शेजारचा दुभाषा गडबडला. वहिनींनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. “तुम्ही थांबा. मी सांगेन तेव्हा.”

समोर परक्या भाषेत कुजबुजणारं सभागृह. व्यासपीठावर एक खुर्ची. खुर्चीत नणंदबाई, चेहऱ्यावर पांढरा लेप, वाळून खडखडीत. मागच्या पडद्यावर तोच चेहरा भिंतीएवढा, आणि त्याच्या वर त्या लोकांच्या भाषेत कंपनीची ग्वाही: हसा, बोला, भांडा, लेपाला तडा जाणार नाही.

आणि नणंदबाई हसेनात, बोलेनात. भांडण तर दूरच.

खरं तर त्यांनी त्या खुर्चीत बसायचंच नव्हतं. लेपाच्या डबीवर हसरा फोटो होता वहिनींचा. नणंदबाई आल्या होत्या नमुन्यांच्या बॅगा ओढायला. पण ठरलेली मॉडेल सकाळी उगवलीच नाही. आठवडाभरात हे तिसरं शहर. बॅगा उचल, स्टॉल मांड, नमुने वाट, स्टॉल आवर, की पुन्हा विमानतळ. या धावपळीत दुसरी कुठून आणणार? वहिनी म्हणाल्या, बोलायचंच आहे ना, मग वन्सं आहेत की! बोलण्यात नणंदबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. येताना विमानात त्यांनी झोपलेल्या शेजाऱ्याला उठवून त्याच्या सुनेची चौकशी केली होती. त्याला यांची भाषा कळत नव्हती, तरी उतरताना त्याचे डोळे भरून आले होते म्हणतात. अशा नणंदबाई दिव्यांच्या झोतात बसल्या आणि त्यांची दातखीळच बसली.

पहिल्या रांगेत बसली होती मोठमोठ्या दुकानांची मालकीणबाई. तिने ऑर्डर दिली तर घरचा कारखाना चालणार होता. नाहीतर परत गेल्या गेल्या कुलूप. ती शेजारणीच्या कानाला लागली. दुभाष्याने ते हळूच वहिनींपर्यंत पोचवलं.

“त्या म्हणतात, बोललं की तडकत असणार. म्हणून तर बाईला गप्प बसवलंय.”

वहिनींनी आधी विनवून पाहिलं. “वन्सं, बोला हो काहीतरी! हवापाण्याचं बोला!” नणंदबाई ढिम्म. आयोजकाने पडद्याआडून घड्याळावर बोट ठेवलं. मालकीणबाईने पर्स खांद्याला अडकवली.

तेव्हा कुठे वहिनींनी माइक उचलला होता.

“खाली उतरवायला शिडी लावली,” त्या पुढे म्हणाल्या, “तर यांनी शिडीच वर ओढून घेतली!”

पडद्यावर एक भुवई किंचित वर गेली.

“शेवटी लेप लावला शेजारच्या बकरीला. बकरी इतकी देखणी झाली, इतकी देखणी झाली, की वन्संच्या आधी तिलाच स्थळं सांगून आली.”

दुसरी भुवई. नाकपुड्या फुलल्या. पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच. मालकीणबाई उठून उभी राहिली. तिच्या पाठोपाठ अख्खी रांग.

वहिनींनी एकवार नणंदबाईंच्या मनगटाकडे पाहिलं.

“आणि हा लेप,” त्या सावकाश म्हणाल्या, “मी एकटीने शोधला. मीच घोटला, मीच गाळला. वन्संनी त्याला बोटसुद्धा लावलेलं नाही.”

“खोटं!”

आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. नणंदबाई ताडकन उभ्या राहिल्या होत्या.

“धादांत खोटं बोलतेस, वहिनी! लेप माझा आहे! घोटून घोटून मनगट सुजलं माझं! सगळं घर म्हणत होतं, चिखल कालवतेय. आणि तू? तू नाक दाबून दाराबाहेर उभी होतीस! म्हणे बोट लावलं नाही! आणि बकरी कसली गं? आपल्या शेजारी सात जन्मांत कुणी बकरी पाळली होती?”

भिंतीएवढं तोंड उघडत होतं, मिटत होतं. कपाळावर आठ्या चढत होत्या, गाल थरथरत होते. लेपावर मात्र केसाएवढीही रेघ नव्हती. अर्ध्या वाटेवर पोचलेली मालकीणबाई तिथेच, मिळेल त्या खुर्चीत मटकन बसली. तिची पर्स खांद्यावरून मांडीवर आली.

वहिनी दुभाष्याकडे वळल्या.

“आता सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या. “शब्दन्‌शब्द. आणि डबीवरचा फोटो चुकलाय, तेही सांगा.”