बांधावरची पाळत

पुसेगावच्या उतारावरचं वरचं वावर मनकर्णाचं, खालचं तिच्या दिराचं, व्यंकटरावाचं. दर पावसाळ्यात मधला बांध फुटायचा आणि तिची काळी माती खाली जायची. दीरच चोरून बांध फोडतो, असा तिचा पक्का संशय होता. यंदा त्याला रंगेहाथ पकडून निजामाच्या कचेरीत उभं करायचंच, म्हणून ती भर पावसात घोंगडी पांघरून बाभळीआड बसली. कुणीच आलं नाही. उतारावरून पाण्याचा लोंढा तेवढा आला, बांध फुटला आणि तिच्या डोळ्यांदेखत माती वाहू लागली. ती भगदाड बुजवायला दगड उचलून धावली. पलीकडच्या झुडपातून व्यंकटरावही दगड घेऊन धावत आला.

"भावजी, तुमी हितं काहून?"

"वहिनी, दरसाली तुमीच बांध फोडून माझी कपाशी गाळाखाली गाडता, असं वाटून राहिलं होतं मला."