शंभरात अकरा

घानातल्या, समुद्रापासून दूर असलेल्या कुमासी शहरातली अब्राफी स्वयंपाकावर ब्लॉग लिहायची. लोकांवरचा प्रभाव मोजणाऱ्या एका साइटनं तिला शंभरात अकरा गुण दिले, तेही जहाजदुरुस्तीत!

"समुद्र तरी पाहिलायस का गं?" नवरा खो खो हसला.

ती तणतणत बाजारात गेली. टोमॅटोवाली सेरवामावशी नेहमीच्या गिऱ्हाईकाला वर मूठभर घालायचीच. आज मात्र घालतच राहिली.

"मावशी, पुरे!"

"गप गं! सुनेचा नि माझा अबोला होता. तुझी सूपची कृती वाचून तिनं विचारलं, 'आई, हे बरोबर आहे?' म्हटलं, 'साफ चूक!' तिथून बोलायला लागलो. काल एकाच वाडग्यातून सूप नि फुफूचा गोळा खाल्ला."

घरी नवऱ्यानं डिवचलं, "वाढले का गुण?"

अब्राफीनं डोळे पुसत टोपली त्याच्यापुढे ओतली. "तूच मोज."