डिमरचं दुखणं

"एका ठिकाणी एकच रात्र," हा निवृत्त वायरमनकाकांचा नियम. चाकांवरचं घर फिरायला घेतलंय, बूड टेकायला नाही, असं ते ज्याला त्याला ऐकवत. काकूंना मात्र या तळ्याकाठची सावली आणि शेजारच्या गाडीतली गप्पिष्ट बाई इतकी आवडली, की इथून हलायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं.

नशिबाने काकांचा आणखी एक नियम होता: वायरिंगमध्ये बिघाड असेल, तर गाडी जागची हलवायची नाही.

म्हणून रोज सकाळी काका आंघोळीला गेले, की काकू टेबलावरच्या दिव्याच्या डिमरचं झाकण काढत आणि आतला तारेचा स्क्रू सुरीच्या टोकाने हळूच सैल करत. मग दिवा लुकलुकायला लागे आणि बटण कितीही फिरवलं तरी ऐकत नसे. काका तोंडात टेस्टर धरून फ्यूजपासून बॅटरीपर्यंत अख्खी गाडी पालथी घालत. संध्याकाळपर्यंत दिवा नीट लागे, पण नेमका बिघाड काही सापडत नसे. "भलतंच चिवट दुखणं आहे गं हे!"

"होऊ द्या सावकाश," म्हणत काकू पाण्यात पाय सोडून बसत.

आज संध्याकाळी काकाही हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन टेकले. त्यांनीही पाण्यात पाय सोडले. मग हळूच म्हणाले,



"अगं, उद्या स्क्रू जरा बेताने सैल कर. आज तार पारच निसटली होती. एवढा ढळढळीत बिघाड सापडत नाही म्हणायची माझी मलाच लाज वाटते."